आत्यानं भरून आणलेली कॅसेट

माझ्या भाचीनं स्वतःच्या लग्नात हट्टानं मागितलेली गोष्ट एकच. लग्न आठवड्यावर आलं होतं. लातूरच्या माझ्या घरी ती आजीच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, माझ्या पाठवणीला ते गाणं म्हण. माझ्या आईला म्हटलं होतंस ते." आजी म्हणजे माझी आई. ती परातीत अक्षतांचे तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "न्हाई. बाकी काहीबी माग."

मी चाटच पडले. माझ्या पोरांनी दुसरा लाडू मागितला तर "दात किडतील" म्हणणारी ही बाई, पण या नातीला तिनं आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. आणि आता ऐन लग्नात, एका गाण्याला नाही?

ही पोर माझ्या थोरल्या बहिणीची. पोर नुकती चालायला लागली होती तेव्हा बहिणीला कावीळ झाली आणि बघता बघता ती गेली. दाजींनी पुढं दुसरं लग्न केलं. आईनं नातीला नांदेडला आपल्याकडं आणलं, ते कायमचंच. पुढं क्लासेससाठी ती लातूरला माझ्याकडं आली आणि दोन्ही घरची झाली. आपली आई तिला आठवत नाही. आईच्या लग्नाच्या ऐकीव गोष्टी मात्र तिला तोंडपाठ, कारण त्या सांगणारी मीच. पाठवणीला आजी अशी गायली की वऱ्हाडातल्या बाप्यांनीसुद्धा उपरण्यानं डोळे पुसले, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. आईनं जे ऐकलं ते आपणही आपल्या पाठवणीला ऐकावं, एवढंच पोरीचं म्हणणं. त्यात वावगं काय होतं, मला कळेना.

बहीण गेल्यापासून आईनं ते गाणं तोंडातून काढलेलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं आणि कुणी आग्रह केला नाही.

ते गाणं आमच्या घरात कॅसेटमधून आलं. त्या आधी आमच्या घरात गाणं असं नव्हतंच. वडील नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. एका रविवारी दुपारी वडील रिक्षातून खोकं घेऊन उतरले आणि खोक्यातून टेप निघाला. वडिलांनी कुणाला काही न सांगता त्यात कोरी कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली आणि पेपर वाचत बसले. मी आणि बहीण एका पेरूवरून भांडत होतो. भांडण मिटल्यावर वडिलांनी टेप मागं फिरवला आणि लावला.

त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही म्हटलं तरी चालेल. त्यातून एक किरटी पोरगी गळा काढून रडत होती. "ही कोण रडून राहिली?" मी विचारलं. बहीण म्हणाली, "तूच." मी मानायलाच तयार नाही. माझ्या गळ्यात असलं शेरडू राहतं यावर माझा विश्वास बसेना. तेवढ्यात टेपमधून आईचा आवाज आला, "थोबाड फोडीन दोघींचं," आणि तो नेमका दारात आलेल्या घरमालकीणबाईंनी ऐकला. आईनं पदर तोंडाला लावला. पुढं कितीतरी दिवस ती टेपसमोरून जाताना एक शब्द बोलायची नाही, तो बंद असला तरी.

घरातली पहिली खरीखुरी कॅसेट आली ती घरमालकांकडून. ते तेलाचे व्यापारी, मूळचे उदगीरचे, महादेवाचे भक्त. त्यांच्याकडं कानडी वचनांच्या कॅसेटी होत्या, त्यातली जुनी झालेली एक त्यांनी आम्हाला दिली. ती आमच्याकडं रोज सकाळी लागायची. 'शिवा' सोडून एका शब्दाचा अर्थ कुणाला कळत नव्हता, पण आम्ही दोघी बहिणी ती अख्खी बाजू म्हणायचो, अगदी गायकाच्या खाकरण्यासकट. लातूरला आत्याकडं गेल्यावर आम्ही ती म्हणून दाखवली. आत्या वडिलांना म्हणाली, "दादा, या पोरी कुणाच्या आणल्यास?"

दुसरी कॅसेट कव्वालीची. ती खास वडिलांची. आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं वडिलांना त्यातलं बरंच उमजायचं. डोळे मिटून ते मांडीवर ताल धरायचे आणि मधेच "क्या बात" म्हणायचे. आमच्यासमोर एरवी फक्त "अभ्यास झाला का" म्हणणारा हा माणूस आतून असा असेल याची आम्हाला कल्पनाच नव्हती. एकदा कव्वाली रंगात आली असताना लाईट मंद झाली. कव्वालाचा आवाज जाड जाड होत गेला, खोल गेला आणि एका लांबलचक हंबरड्यावर थांबला. आतला माणूस मेला असं समजून मी जी पळाले ती थेट घरमालकांच्या चौकात. परत येऊन बघते तर वडील टेपमध्ये सेल घालत होते. तेव्हापासून त्या कव्वालाची मला मनापासून काळजी वाटायची. सेल उतरत आले की मी ते गुपचूप पत्र्यावर उन्हात ठेवायची, त्यांच्यात जीव यावा म्हणून.

तिसरी कॅसेट आत्यानं आणली. त्या काळी कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घ्यायची पद्धत होती. कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं, कुठला अल्बम हवा ते सांगायचं आणि दुकानदार ती भरून ठेवायचा. आत्याला लातूरच्या एका दुकानात बायकांच्या जुन्या गाण्यांचा अल्बम आवडला. ओव्या, हळदीची गाणी, पाळणे, सगळं त्यात. तिनं तो आईसाठी भरून घेतला. अल्बम लांब आणि आत्याची कोरी कॅसेट साठ मिनिटांची. दुकानदारानं मावलं तेवढं भरलं आणि बाजू संपली तिथं गाणं तोडून उलट्या बाजूला पुढचं गाणं घेतलं. यात कुणाला काही वाटायचंही नाही. आमच्या अर्ध्या शहरानं गाणी अशीच ऐकली असतील.

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ते होतं. एक म्हातारट आवाजाची बाई, साथीला फक्त चाळ आणि एक पेटी.

न्हाऊ घाला माझ्या बाईला, लावा हळदीचं पाणी
हिरवा चुडा भरा हाती, हिरवी नेसवा पैठणी
ओटी भरा गं सयांनो, भरा मळवट कपाळी
दार धरून माय उभी, लेक निघाली सकाळी

आणि इथं खट्. बटण आपोआप वर यायचं. आमच्या दृष्टीनं ते खट् गाण्यातलंच. बहीण तर शेवटची ओळ म्हणून झाली की जिभेनं टाळूवर खट् वाजवायची आणि मग आम्ही दोघी हसायचो.

आईला ते गाणं जडलं. टेपसमोर तोंड न उघडणारी आई भाकरी थापताना त्या बाईबरोबर गायला लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत राहायची. आपल्या आईला असा गळा आहे आणि तो इतकी वर्षं नुसता आम्हाला रागावण्यात वाया गेला, याचा मला रागही यायचा. मग एका चुलतबहिणीच्या पाठवणीला कुणीतरी आईला गाणं म्हणायला लावलं. आईनं हेच म्हटलं. न्हाणं, हळद, हिरवा चुडा, ओटी, दारात उभी माय, सगळं पाठवणीचंच. मांडवात एक डोळा कोरडा राहिला नाही. तिथून ती रीतच पडली. आमच्या भावकीत पोरगी सासरी निघाली की गाडीचं दार उघडायच्या आधी आई ते गाणं म्हणायची, आणि शेवटच्या ओळीनंतर सगळ्या बायका एकदम थांबायच्या, जिथं कॅसेट थांबायची तिथं. बहिणीला तसंच लावून दिलं, निलंग्याकडच्या गावात. दोन वर्षांनी मलाही तसंच लावून दिलं.

तर लातूरच्या घरी आईनं "न्हाई" म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची वेळ. आई त्याच परातीत तांदळाला हळद-कुंकू चोळत होती, मी शेजारी बसून आहेराच्या साड्यांना पिशव्या घालत होते. भाची आतून धावत आली. "मावशी, सापडलं." गाण्याची पहिली ओळ मीच तिला सांगितली होती. ती तिनं मोबाईलवर शोधली, आणि कुणीतरी तो अख्खा जुना अल्बम तिथं टाकून ठेवला होता. तिनं मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला. चेहरा असा फुललेला की विचारू नका. "आजी, तू नको म्हणू. हे लावू आपण मांडवात. ओळख बरं कुणाचा आवाज."

चाळ वाजली, पेटी वाजली आणि त्या म्हातारट बाईनं सूर लावला. मी साडी खाली ठेवली. नांदेडची ती खोली, कोनाड्यातला टेप, पदर खोचून भाकरी थापणारी आई, सगळं एका दमात समोर. मी मोठ्यानं गायला लागले. माझा गळा काय लायकीचा आहे ते मला त्या पेरूच्या दिवसापासून माहीत आहे, तरी गायले. भाची टाळ्या वाजवत होती. दार धरून माय उभी, लेक निघाली सकाळी. माझ्या जिभेनं आपसूक खट् केलं.

गाणं थांबलं नाही.

चौघांच्या गं खांद्यावर, लेक बोलंना चालंना
पंचमीला मुराळी मी धाडू कुठं सांगा ना

पहिल्यांदा मला वाटलं, हे दुसरं गाणं लागलं. पण चाल तीच, बाई तीच, दम घ्यायची जागासुद्धा तीच. नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला ज्याला धाडतात तो मुराळी. तो आता कुठं धाडू, असं ती आई विचारत होती. पुढच्या कडव्यात नदी आली, लाकडं आली.

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला आपल्याकडं नवरीसारखं सजवतात. न्हाऊ घालतात, हिरवं नेसवतात, हिरवा चुडा भरतात, मळवट भरतात, ओटी भरतात आणि मग उचलतात. हे मला माहीत नव्हतं का? मराठवाड्यातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मी स्वतः दोन-तीनदा अशी ओटी भरली आहे. पण आमच्या कॅसेटीत लेक दारातून निघाली आणि खट् झालं, म्हणून ती सासरी गेली असं आम्ही धरून चाललो. आम्ही इतकी वर्षं मेलेल्या लेकीचं गाणं लग्नात म्हणत होतो. कौतुकानं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून. माझ्या चुलतबहिणींना, मामेबहिणींना, मला. आणि माझ्या बहिणीला.

भाची घाबरून मोबाईलवर बोट मारत होती, तो काही बंद होईना. मी स्पीकरच उचलून साड्यांच्या ढिगात दाबला. डोक्यात एकच, आईला कळलं. आता ही म्हणणार, मी माझ्या हातानं माझ्या लेकीला तसलं गाणं म्हटलं आणि ती गेली. या वयात ही त्यातून उठायची नाही. मी तोंडाला येईल ते बोलायला लागले, "आई, ते आपलं गाणं न्हाई. हल्ली लोक काहीबी जोडून टाकतेत. कुणाच्याबी आवाजाला कुणाचंबी..."

"आपलंच हाय," आई म्हणाली. हळदीनं पिवळे झालेले हात तांदळात तसेच होते. "पुढचं मी ऐकलंय."

भाचीनं एकदाचा मोबाईल बंद केला आणि आजीपाशी येऊन बसली.

बहीण गेली तेव्हा मी ओली बाळंतीण. मला निलंग्याकडं कुणी नेलं नाही, त्यामुळं तिथं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. आईनं कधी सांगितलं नव्हतं. आता ती सांगायला लागली, तांदूळ चोळत चोळतच.

"तिला न्हाऊ घातलं. हिरवं नेसवलं. मी ओटी भरली. तिची आजेसासू पायापाशी बसली होती, लई म्हातारी. तिनं हेल काढला. 'न्हाऊ घाला माझ्या बाईला.' मला वाटलं, म्हातारी लग्नात असंल, तिथं माझ्या तोंडून ऐकलं, तेच आठवून रडून राहिली. बरं वाटलं मला. खोटं कामून बोलू, त्या टायमाला बी बरं वाटलं. म्हटलं, आता दार धरून माय उभी म्हणंल आन् थांबंल." आईनं मूठभर तांदूळ परत चोळले. "थांबलीच न्हाई ती."

"मग?" भाचीनं विचारलं.

"मग काय. उचललं तिला."

लेकीच्या उशाशी बसून माझ्या आईनं ते ऐकलं. आपण पाठवणीला म्हटलेलं गाणं नेमकं कशाचं होतं, हे तिला त्या घटकेला कळलं, आणि त्या रडारडीत ते सांगायलासुद्धा जवळ कुणी नव्हतं. मी ओरडलेच तिच्यावर. आम्हाला का नाही सांगितलंस, एवढी वर्षं एकटीनं काय म्हणून गिळून बसलीस. मला राग कशाचा आला होता देव जाणे, पण राग आल्याशिवाय मला रडता येत नाही.

"कुणाला सांगू?" आई म्हणाली. "तुलाबी तेच म्हटलं होतं. कुशीत तान्हं घेऊन निजलेली तू. धसका घेतला असतास. बाकीच्या पोरींनाबी म्हटलेलं. कुणाकुणाला सांगू, की बायांनो, मी तुम्हाला काय म्हटलं ते?"

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. आई मला रोज सकाळी फोन करते. "बरी हाईस का?" एवढंच विचारते आणि ठेवते. घरात फोन आल्यापासून करते. आम्ही त्याला आईची हजेरी म्हणून हसायचो. चुलतबहिणी, मामेबहिणीही सांगायच्या, काकू अधूनमधून उगीच फोन करते, ताप-बीप न्हाई ना विचारते. ज्या ज्या पोरीला ते गाणं म्हटलं होतं, त्या एकूण एक पोरीची ती खबर ठेवत आली होती.

"गाण्यानं माणूस मरत न्हाई," आई म्हणाली. "एवढं मलाबी कळतं. कळतं, पण तोंड उघडत न्हाई."

भाचीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मला न्हाई पायजे ते गाणं, आजी." आईनं हळदीचा हात तिच्या केसांना लागू नये म्हणून कोपरानं तिला जवळ घेतलं. "तुझ्या आईला मी अर्धं म्हटलं, त्या म्हातारीनं पुरं केलं. आता ते सरलं, बाई. पुन्हा सुरू करायचं न्हाई."

लग्न लातूरलाच, एका मंगल कार्यालयात झालं. कन्यादान मी आणि माझ्या नवऱ्यानं केलं. भाची हिरव्या चुड्यात, कपाळभर मळवट भरलेली समोर आली आणि मला तिच्याकडं बघवेना. लहानपणापासून बघत आलेला नवरीचा साज, पण त्या दिवशी त्याची भीती वाटली. सासर हिमायतनगरचं, लांबचा पल्ला, म्हणून दुपारीच निघायची घाई. आत्या आता थकली आहे, पण कॅसेट आपण भरून आणली याचा तिला अजून तोरा. गाडीपाशी येऊन ती आईला म्हणाली, "वयनी, म्हण की. शेवटची नात हाय." सगळ्या बायका आईकडं वळल्या. आत्याला आम्ही काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नाही. आई म्हणाली, "गळा बसलाय." भाचीनं आजीला मिठी मारली, गाडीत बसली, आणि बँडवाल्यांनी कुठल्याशा नाचाच्या गाण्यावर आमची पोर वाटेला लावली. आई रडली नाही. बायकांमध्ये त्यावरूनही कुजबुज झाली.

गाडी वळली तशी आई मांडवातल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "फोन लाव तिला."

"आत्ता तर गेली, आई."

"लाव."

मी लावला. पलीकडून भाचीचा रडून घोगरा झालेला आवाज आला, "आजी, अजून लातूरबी सुटलं न्हाई."

"बरं. बोल."

"काय बोलू?"

"काहीबी बोल. ठेवू नको."

आणि ती पोर बोलायला लागली. उसाची ट्रॉली आडवी आली म्हणून गाडी थांबलीय. यांच्या बुटाला चिखल लागलाय. करवलीला आतापासूनच उलटीसारखं होतंय. आईनं डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरलेला. केटरिंगवाले भांडी मोजून द्या म्हणून आले, मी खूण केली, आईनं हातानंच त्यांना हाकललं. मांडवाचं कापड उतरवायला लागले, तरी ती हलली नाही. चाकूर आलं, आजी, असं पलीकडून कळलं. बऱ्याच वेळानं अहमदपूर आलं. मी आईच्या पायाशी सतरंजीवर बसून होते आणि मला फक्त आईची बाजू ऐकू येत होती. प्रत्येक गावाला ती एकच विचारत होती, "हां. मग पुढं?"